ताईच्या साळुंक्या

ताई मंगळवारी गेली. सकाळी सव्वासात वाजता. चहा गॅसवर होता.

तिच्या दहाव्याला जे घडलं, तसले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले, खरे मानून कधीच नाही. बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. प्रत्येक गोष्टीला कुठल्या ना कुठल्या कपाटात जागा असते, अशी सवय लागलेली. ही एक गोष्ट मात्र अजून कुठेच ठेवता आलेली नाही... म्हणून लिहितो.

आम्ही दोघं भावंडं, दोघंही बिनलग्नाची. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. गॅलरीच्या भिंतीत जुन्या पाइपाचं भोक होतं, मूठ जाईल एवढं. साळुंक्यांची एक जोडी दरवर्षी त्यात घरटं करायची. चिमणीसारखं टुणटुण उड्या मारणं नाही; एक पाऊल, मग दुसरं, अशा रुबाबात कठड्यावरून चालत यायच्या. "हेडमास्तरीणबाई राउंडला निघाल्या," ताई म्हणायची. ती स्वतः शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला हक्क होता.

मला पक्ष्यांत गती नाही. जे पाहिलं ते तिच्यामुळे. बसलेली साळुंकी साधी तपकिरी दिसते, डोळ्याभोवती तेवढा पिवळा डाग. पण उडाली की पंखांत पांढरा पट्टा लख्खकन उघडतो. आणि आवाज किती! एक कर्कश, एक गोड, एक नुसताच घशातल्या घशात पुटपुटल्यासारखा. जिन्यात मांजर आलं की अगदी वेगळा. तो ऐकला की ताई उठून दूध झाकायची. आमच्या जोडीतल्या एकीच्या उजव्या पायाला दोन बोटं नव्हती, मांज्यात गेली असावीत. तरी तिची चाल तीच. ताईला त्याचं फार कौतुक.

ताई गेल्यावर चौथ्या दिवशी इमारतीच्या प्लास्टरचं काम आमच्या गॅलरीशी आलं. गवंड्याने विचारलं, "काका, ये होल बंद कर दूं?" मी मान डोलावली आणि त्याने भोक बुजवलं. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी मान डोलावत होतो.

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. मी, चुलतभाऊ सुधीर आणि गुरुजी. पिंड मांडला. समोरच्या पत्र्यावर कावळ्यांची रांग, पण एकही खाली येईना. बाजूच्या लोकांच्या पिंडांना शिवून कावळे परत पत्र्यावर जात होते.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "आठवा."

सुधीरने हात जोडले. "ताई, दादाकडे मी लक्ष देईन." काही नाही. "ताई, मी सिगारेट सोडतो!"

"ते तिला पटणार नाही," मी म्हणालो.

"तिची पुस्तकं शाळेला देऊ," सुधीर म्हणाला. नाही. पाऊण तास गेला. ऊन चढलं. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता, तरी मी पत्र्यावरची नजर हटवत नव्हतो. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. म्हणजे आता ताईची इच्छा काय होती ते कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात पायरीवरून एक साळुंकी चालत आली. एक पाऊल, मग दुसरं. पिंडापासून हातभर अंतरावर थांबली. भाताला चोच लावली नाही. मान खालीवर करत माझ्याकडे पाहत राहिली. उजव्या पायाला दोन बोटं नव्हती.

"ताई, चुकलो," मी म्हणालो. "भोक आजच उघडतो."

"कसलं भोक?" सुधीरने विचारलं. मी उत्तर देण्याआधी पत्र्यावरून कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. साळुंकी उडाली... पांढरा पट्टा दिसला, तेवढंच.

या शहरात बोटं तुटलेले पक्षी थोडे नाहीत, हे मलाही कळतं. मी स्वतःला तेच सांगत घरी आलो. दारातच शेजारच्या नेनेकाकू भेटल्या.

"अहो, तुमच्या साळुंक्या सकाळपासून वाळत घालायच्या काठीवर बसून आहेत. दोघी. त्या भिंतीकडे बघत. ती तुटक्या बोटांचीसुद्धा. मी भात टाकला, तर ढुंकून पाहिलं नाही."

"मध्ये कुठे गेल्या होत्या का?"

"छे हो. मी इथेच तांदूळ निवडत होते. का?"

मी गॅलरीत जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. सुधीर खालून छिन्नी-हातोडा घेऊन आला. "उद्या सोसायटीची नोटीस आली तर तुझ्या नावाने घे हं, दादा," म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. प्लास्टर चांगलंच धरलं होतं. आत सुकलं गवत होतं, चॉकलेटचा चकचकीत कागद होता, आणि त्यात गुंतलेले लांब पांढरे केस. ताई गॅलरीत बसून वेणी घालायची.

आम्ही काहीच हलवलं नाही.

एक साळुंकी एकाच वेळी बाणगंगेवर आणि फणसवाडीत कशी? सुधीर म्हणतो, काकूंची डुलकी लागली असेल. काकूंना हे सांगण्याची हिंमत त्याच्यातही नाही.

यंदा तीन पिल्लं झाली, तिन्ही उडाली. भोक उघडं आहे. जिन्यात मांजर आलं की मी उठून दूध झाकतो.