नांगराचं निमित्त

तांडेल म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना तांडेलच म्हणायची, आणि त्यांनाही ते गोड वाटायचं.

बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चाले. यंदा पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, विषय घेतला होता शास्त्रातल्या जहाजांचा. स्वतः पाळकांनी जन्मात होडीत पाय ठेवलेला नव्हता. म्हणून त्यांनी तांडेलांना मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं, आणि तांडेलांनी पहिल्या दिवसापासून भाव खाल्ला.

"नोहाचं तारू बघा," ते म्हणाले. "लांबी सांगितली, रुंदी सांगितली, डांबरसुद्धा सांगितलं. पण शीड? सुकाणू? नावच नाही. असलं जहाज कोणी माझ्या हवाली केलं असतं तर मी राजीनामा दिला असता."

लोक हसले. पाळक खूश झाले. "म्हणजे हाकणारा दुसराच होता," त्यांनी वहीत लिहून घेतलं.

योनाच्या दिवशी तर तांडेलांनी कमालच केली. "वादळात ढाराढूर झोपलेली माणसं शास्त्रात दोन. एक योना, एक ख्रिस्त. एक देवापासून पळून आलेला म्हणून तळाशी जाऊन झोपला, दुसरा देवाच्या भरवशावर. झोप तीच, पण बघा!" त्या दिवशी घरी येताना त्यांची छाती वीतभर फुगली होती.

मग ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाच्या जहाजाची पाळी आली. पुढचं वाचून जायची तांडेलांना सवय नव्हती. समुद्र पाठ असताना पुस्तक कशाला, असा त्यांचा खाक्या. कैदी पौल जहाजावर, चौदा दिवस वादळ, किनारा जवळ आल्याचा सुगावा. खलाशांनी चार नांगर मागच्या बाजूने का टाकले, ते तांडेलांनी फळ्यावर काढून दाखवलं. हातातला खडू झटकून ते बसले आणि पाळक पुढे वाचू लागले.

पुढचेही नांगर टाकायचे आहेत असं निमित्त करून खलाशांनी लहान होडी पाण्यात सोडली. खरा बेत पळून जायचा. पौलाने ते ओळखलं आणि सांगितलं, ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर कोणी वाचणार नाही. मग कैद्यांवर पहारा करणाऱ्या शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले.

तांडेलांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा," मागून गल्लीत शिवणाचं दुकान चालवणाऱ्या टेलरताई म्हणाल्या, "होडी तर तुम्हीपण सोडली होतीत! पण हे मेले पळपुटे, आणि तुम्ही आमच्यासाठी मदत आणायला गेलात." सगळ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं झाली. बोट रेतीत रुतली, माझी मुलगी दोन वर्षांची कडेवर. दादा नसते तर आज आम्ही नसतो."

शेजारच्या मास्तरांनी तांडेलांच्या पाठीवर थाप मारली. तांडेल हसले. आपण हसलो, हेच नंतर त्यांना सगळ्यात जास्त टोचलं.

खरी गोष्ट अशी होती. भर दुपारी वारा उठला, प्रवासी बोट खाडीच्या तोंडाशी रुतली आणि एका कुशीवर कलली. तांडेल कप्तानाला म्हणाले, "पुढचा नांगर बघून येतो." दोन खलाशी घेऊन त्यांनी होडी सोडली आणि थेट किनारा गाठला. मदतीचा विचारही मनात नव्हता. जाळी ठेवायच्या शेडमागे ते तिघे तासभर उकिडवे बसून राहिले. कोळ्यांच्या होड्या आपणहून निघाल्या, तेव्हा कुठे ते त्यांच्यात चढले. लोक उतरवून घेताना सगळ्यांना वाटलं, तांडेलच कोळ्यांना घेऊन आले. कप्तानाने हात जोडले. त्या दोघा खलाशांसारखेच तांडेलही गप्प राहिले, आणि त्या दिवशीचा मान आजवर फुकट खात आले.

दोन दिवस त्यांना घास गिळवेना. "पोटात गॅस धरलाय," त्यांनी बायकोला सांगितलं. तिने ओवा दिला, तोही त्यांनी निमूटपणे चावला. तिसऱ्या दिवशी ते टेलरताईंच्या दुकानात गेले. त्या पँटची शिलाई उसवत होत्या. तांडेलांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

टेलरताईंनी कात्री खाली ठेवली नाही. आणखी चार टाके उसवून म्हणाल्या, "मी कठड्याशी उभी होते. तुम्ही एकदा मागे वळून पाहिलंत. मी हात केला होता तुम्हाला."

"पाहिला होता."

"लेकीला मी सांगत आले, तो माणूस आपल्यासाठी गेला होता. परवा नातवालाही सांगितलं. आता काय सांगू त्यांना?"

"मी सांगतो," तांडेल म्हणाले.

"नको. ते माझं मी बघेन. तुम्ही जिथे हसलात तिथे सांगा."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला जरा एकटीला बसू दे," आणि आतल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी स्वयंपाक तांडेलांनी केला.

पुढच्या बुधवारी त्यांनी फळ्याकडे पाठ करून, खाली बघत, शेडसकट सगळं सांगितलं. पाळक क्षमेबद्दल काहीतरी बोलू लागले, पण मध्येच थांबले, हे बरं झालं. मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"राहिलेलं तुम्ही वाचता का?" पाळकांनी शेवटी विचारलं.

तांडेलांनी पुस्तक घेतलं, पण त्यांना अक्षरं दिसेनात. टेलरताई उठल्या. तांडेलांकडे न बघता त्यांनी पुस्तक काढून घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. जहाज फुटलं. कोणी पोहून, कोणी फळ्यांना धरून, सगळे किनाऱ्याला लागले. मग पुस्तक टेबलावर ठेवून, चहाला न थांबता त्या निघून गेल्या.

तांडेल पुढच्या बुधवारीही आले. मागच्या रांगेत बसले, आणि कोणी विचारल्याशिवाय एक शब्द बोलले नाहीत.