खंडेनवमीला घासलेली गिटार

बाळांनो,

दसऱ्यानंतर फोनवर गिटार ऐकवली तेव्हा धाकटीने विचारलं होतं, "आजी, गिटारला सर्दी झालीय का?" मी चटकन हवापाण्याची चौकशी सुरू केली. पण नाताळात तुम्ही इंदापूरला येणार, गिटारपुढे बसणार. तेव्हा आधीच कबूल केलेलं बरं.

ही गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डाव्या हाताने पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, आणि पेडल दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढतो. तार ताणतात ते दहा लहान धातूचे तुकडे, प्रत्येक तारेला एक. आजोबा त्यांना बोटं म्हणत. ते साखर कारखान्यात फिटर होते. गाळप संपलं की उन्हाळ्यात त्यांना उसंत मिळे, तेव्हा मोडीत निघालेल्या गनमेटलच्या बुशमधून, म्हणजे यंत्राच्या दांड्याभोवती बसणाऱ्या काशासारख्या धातूच्या नळीतून, त्यांनी ही बोटं कातली. इतक्या वर्षांत प्रत्येकावर तारेची केसाएवढी खाच पडली होती आणि वर काळपट थर चढला होता, त्यामुळे सूर शेवटी हलकेच खरखरायचा. आजोबांचा आवाज आपण कधी रेकॉर्ड केला नाही. त्यांच्या हातचं कानावर पडेल असं घरात एवढंच आहे.

खंडेनवमीला मी विळी, अडकित्ता, आजोबांचे नटबोल्टचे पाने घासून पूजेला मांडते. गिटारवरून फक्त फडकं फिरवायचं, हा आजोबांचा नियम. यंदा लासुर्ण्याहून माझी जाऊ आली, तिची खुरपी आणि कोयते लखलखीत करून. त्यांच्या शेजारी ती काळी बोटं मला बघवेनात. तारा सोडल्या, पॉलिश पेपर घेतला आणि दहाही बोटांचा आरसा केला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग तारा चढवून वाजवायला बसले, तर सगळ्या झणझणायला लागल्या.

"आक्का, आत गांधीलमाशी अडकलीय जणू," जाऊ म्हणाली.

मी हसले नाही. आठवडाभर झाकण लावूनच ठेवलं. मधे तुमचा फोन आला तेवढंच काढलं.

पुढच्या सोमवारी जावेच्या पिकअपमध्ये, वांग्यांच्या क्रेटशेजारी गिटार ठेवून आम्ही बारामतीला गेलो. तिथे लेथवाले तात्या आहेत, आजोबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून बोटं न्याहाळली.

"वहिनी, कुणी घासलं हे?"

"मीच."

"साहेबांनी माथा गोल ठेवला हुता. तुमी सपाट केला. तारंला टेकायला एकच जागा पायजे, आता ती लोळतीय."

"भांडी घासायचा हात हाय, काय करणार!" जाऊ म्हणाली.

"मग भांडीच घासायची हुती की!"

तात्यांनी आठ बोटं पुन्हा गोल केली. दोन मात्र मी इतकी झिजवली होती की त्यांचा उपयोग नव्हता. त्यांच्या जागी त्यांनी स्टीलची करून बसवली. "ही तुमच्या नातवंडांनी घासली तरी हलायची न्हाईत." मी तिथेच वाजवून पाहिलं. सूर स्वच्छ आला, लांबलाही, पण त्या दोन तारा बाकीच्यांपासून वेगळ्या पडल्या.

"स्टीलच्या डब्यात खडा टाकल्यावाणी," जाऊ म्हणाली. यावेळी ती चेष्टा करत नव्हती.

तात्या भंगारात शिरले आणि विहिरीवरच्या जुन्या पंपाचा गनमेटलचा बुश घेऊन आले. "हे चालंल का बघू." दुपार गेली. जाऊ वांगी विकून परत आली तोवर दोन्ही बोटं तयार होती.

मी पेडल दाबलं. तार चढली, आणि शेवटी हलकेच खरखरली, पूर्वी खरखरायची तशी नाही, पण त्याच घरातली वाटली. आता खाचा नव्याने पडायच्या आहेत, त्यासाठी वाजवायला हवं. ते काम तुम्ही दोघांनी वाटून घ्या. पॉलिश पेपर मी जावेला देऊन टाकला आहे.

दहापैकी आठ बोटं आजोबांची आहेत. दोन पंपाची आहेत. कांडी तीच आहे, आणि तिच्यावर आजोबांचा अंगठा टेकायचा तिथली झीज मी घासलेली नाही.