त्र्यंबकरावांची वॉरंटी

त्र्यंबकराव गद्र्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं ते डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात, आमच्याच घरी, संकष्टीच्या साबुदाणा खिचडीवर. माणूस घामाने निथळतोय, ओठ पांढरे पडलेत, आणि मला म्हणतो काय, "वहिनी, खिचडी थोडी मोकळी हवी होती." मी म्हटलं, मरो ती खिचडी, आधी गाडीत बसा! माझ्या नवऱ्याने, राजीवने, गाडी काढली. मागच्या सीटवर त्र्यंबकरावांची बायको मालिनी त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. आणि हे गृहस्थ राजीवला विचारत होते, "ब्रेकचा आवाज कधीपासून येतोय रे?"

त्यांचं कामच तसं होतं. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ते इंजिनिअर होते आणि पार्ट मोडेपर्यंत वापरून बघणं, हा त्यांचा धंदा. गाडीचा दरवाजा यंत्राला बांधायचा आणि तो गळून पडेपर्यंत उघडमीट करत राहायची. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "किती चालेल?" मिक्सर घ्या, छत्री घ्या, हाच प्रश्न. एकदा एका लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीकडे बघूनसुद्धा त्यांनी माझ्या कानात हळूच तेच विचारलं होतं.

हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद, आणि डावीकडची मुख्य नळीही चिंचोळी झालेली. बायपास करायलाच हवी, असं सर्जन म्हणाला. ही शहाऐंशी सालची गोष्ट. बायपास म्हटलं की आमच्यातले लोक तेव्हा आवाज खाली आणून बोलायचे. त्र्यंबकरावांनी मात्र उशीला टेकून सरळ विचारलं, "डॉक्टर, फेल्युअर रेट काय?"

सर्जन बिचारा सज्जन. त्याने खुर्ची ओढून नीट समजावलं. मुख्य नळीच बिघडली असली की नुसत्या गोळ्यांवर राहणाऱ्यांपेक्षा ऑपरेशन केलेले लोक जास्त जगतात, बहुतेक जण बरे होऊन घरी जातात, कामाला लागतात. फक्त पायातली शीर काढून हृदयाला जोडतात ती जन्मभर पुरेलच असं नाही, दहाएक वर्षांत पुष्कळांच्या बाबतीत ती बंद पडायला लागते. एवढं सगळं तो बोलला, आणि आमच्या इंजिनिअरसाहेबांनी त्यातलं काय उचललं? दहा वर्षं!

ऑपरेशन उत्तम झालं. त्र्यंबकराव घरी आले ते छातीवर गळ्यापासून खाली लालभडक रेघ आणि हातात हॉस्पिटलने दिलेली एक छोटी उशी घेऊन. खोकला आला की ती छातीशी दाबून धरायची. हे आले ते थेट रिक्लायनरमध्ये बसले, आणि तिथून उठेचनात.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हे संडासापर्यंत चालायचे, तेही मनाविरुद्ध. जिना बंद. फोनवर बोलणं बंद. टीव्हीवर काही विनोदी लागलं की चॅनल बदला, हसू येईल म्हणून! एरवी हा माणूस वरणात हिंग किती घालावा यावर तासभर हुज्जत घालणारा. महाराष्ट्र मंडळाची माणसं भेटायला यायची आणि बाहेर पडताना म्हणायची, "किती शांत झाले हो त्र्यंबकराव! ऑपरेशन मानवलं." मानवलं म्हणे! मला तर त्या घरात शिरलं की गुदमरायला व्हायचं.

जानेवारीत एक दिवस मालिनीचा फोन आला. रडत होती. "पद्मजा, आज चेकअपला नेलं होतं यांना. वजन वाढलंय, साखर वाढलीय. डॉक्टर म्हणाला, हे असेच बसून राहिले तर नव्या नळ्यासुद्धा बंद होतील. आणि हे म्हणतात, त्याला मशीनमधलं कळत नाही."

मी तशीच बर्फातून ड्राइव्ह करत गेले. त्र्यंबकराव उशी पोटाशी धरून बसलेले. मी विचारलं, "काय चाललंय हे?"

"वहिनी, साधी गोष्ट आहे," ते कुजबुजल्यासारखं बोलले. "पार्ट जितका चालवाल तितका झिजतो. दहा वर्षांचा पार्ट जपून वापरला तर पंधरा जाईल. आमच्या लेकीचं, सीमाचं शिक्षण, लग्न, सगळं बसतं त्यात. मालिनीला मी एकटीला टाकून जाणार नाही."

बाई गं! म्हणजे हे सगळं प्रेमापोटी चाललं होतं. माझा राग अर्धा तिथेच विरघळला. उरलेल्या अर्ध्यावर मी म्हटलं, "उद्या सकाळी तयार राहा. मी न्यायला येतेय."

मिशिगनच्या थंडीत हार्टचे पेशंट मॉलमध्ये चालतात, दुकानं उघडायच्या आधी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोहोचलो, तर पांढऱ्या बुटांतले म्हातारे-म्हाताऱ्या भराभरा गोल फिरतायत, जणू पलीकडे कुठे फुकट जेवण आहे. त्र्यंबकराव लगेच कारंज्याजवळच्या बाकावर बसले. तेवढ्यात वॉल्टर नावाचा एक उंच म्हातारा थांबला. त्याने त्यांच्या हातातली उशी ओळखली. "बायपास? माझी चौऱ्याहत्तर साली झाली," असं म्हणून त्याने भर मॉलमध्ये शर्टाची बटणं सोडून रेघ दाखवली.

त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. पण इंजिनिअर तो! मला म्हणाले, "एका सॅम्पलवरून काही सिद्ध होत नाही, वहिनी." वॉल्टरला बहुधा हाच आक्षेप हवा होता. त्याने हाका मारून मारून आपले दोस्त गोळा केले. कोणाचं ऑपरेशन अठ्ठ्याहत्तर सालचं, कोणाचं ऐंशीचं. बघता बघता कारंज्याभोवती पाच-सहा म्हातारे छाती उघडी टाकून उभे, आणि आमचे त्र्यंबकराव वाकून वाकून एकेकाची रेघ तपासतायत, "जिना चढता? बर्फ काढता?" विचारतायत. मी मान फिरवून दुकानाच्या काचेतल्या पर्स बघत होते. शेवटी सिक्युरिटीवाला आला आणि म्हणाला, "जंटलमेन, प्लीज, शर्ट्स."

मला वाटलं, झालं, आता हे उठणार. पण म्हातारे पांगले आणि त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. "हे सॅम्पल चुकीचं आहे," ते म्हणाले. "जे जगले तेच इथे चालतायत. जे गेले ते मॉलमध्ये कसे येणार? ते कोण मोजणार?"

माणूस खरं तेच बोलत होता.

मालिनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, घरी त्या खुर्चीत बसून तुम्ही माझ्यासाठी वर्षं साठवताय ना? मग मी आत्ता काय करू? तुम्ही घरात असून मी एकटीच जेवते, एकटीच बोलते, सीमा खोलीतून बाहेर येत नाही. तुम्ही जाल त्या दिवशी मी एकटी पडेन म्हणून आजपासूनच एकटी पाडलंत मला. मला नकोत ती पंधरा वर्षं! घाला चुलीत!"

आणि ती पाय आपटत चालायला लागली. बुटांखालचा बर्फ वितळलेला, फरशी गुळगुळीत, आणि ही डोळे पुसत, न बघता निघालेली.

त्र्यंबकराव बसूनच राहिले. मग उशी माझ्या हातात कोंबली, उठले आणि निघाले. आधी हळू, मग बरेच भराभर. चपलांच्या दुकानाशी त्यांनी तिला गाठलं. दम लागला होता, चेहरा लाल झाला होता. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं, की त्यांनी तिचा हात धरला. लग्नाला सतरा वर्षं झालेली, पण चारचौघांत हात धरणाऱ्यांतली ही जोडी नव्हे. मालिनीने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात तसाच राहू दिला.

ते दोघं मॉलला अख्खी फेरी घालून माझ्यासमोरून गेले आणि माझ्याकडे न बघताच दुसऱ्या फेरीला लागले. मी ती उशी छातीशी धरून बाकावर ढसाढसा रडत होते. वॉल्टर माझ्यापाशी थांबला, रुमाल पुढे केला आणि फार हळुवारपणे विचारलं, "तुमचं ऑपरेशन कधी झालं?"