उतारावरचा तलाव आणि गेलेल्या सळ्या

पोहण्याच्या तलावाची ती केस अजून जशीच्या तशी माझ्या डोळ्यांसमोर आहे. नव्वदच्या दशकात मी जालन्याला पोलीस निरीक्षक होतो. शहराबाहेर माळाच्या उतारावर एक नवी वसाहत उठत होती. तिथे वरच्या अंगाच्या प्लॉटवर बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याने बंगला बांधला होता आणि मागच्या बाजूला तलावाचं काम काढलं होतं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोणी पोहण्यासाठी तलाव बांधतो म्हटल्यावर पानटपरीपासून कोर्टापर्यंत दुसरा विषय नव्हता.

एके दिवशी शेठ स्वतःच ठाण्यात आले. मूळचे तीर्थपुरीकडचे. आवाज मोठा, माणूस मोकळा.

"साहेब, माझ्या सळ्या चोरीला चालल्यात. रोज थोड्या थोड्या. मी भिंत उभी कशी करू?"

"कसली भिंत?"

"तलावाची, खालच्या अंगाची. जागा उताराची हाय ना. वरून खोदलं, निघालेला मुरूम खाली भरला. आता त्या भरावावर भिंत घालायची. नातवंडांसाठी चाललंय सगळं. आम्ही विहिरीत उड्या मारून शिकलो, ही पोरं बादलीभर पाण्याला भिऊन राह्यली."

ठाणे अंमलदाराने अर्ज घेतला, दैनंदिनीत नोंद केली आणि मी चौकशी सुरू केली. पहिला संशय भंगारवाल्यांवर. एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. चोरीची सळई सकाळी तिकडे गेली की संध्याकाळी तिचा मागमूस राहत नाही. दोन-चार सराईत मंडळींना बोलावून घेतलं. त्यांनी कानावर हात ठेवले, आणि या वेळी ते खरं बोलत होते. मग रखवालदाराला समोर बसवलं.

"जेवण झाल्यावर दुपारी जरा लवंडतो, साहेब. खोटं कशाला बोलू? पण टेम्पो आल्ता असं म्हणता, तर आवाज बिलकुल आला न्हाई."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. वरच्या रस्त्यावर चाकांच्या खुणा नव्हत्या. सळ्या पुरुषभर उंचीच्या कापलेल्या. कोणी पिशवीत घालून नेईल अशी वस्तू नव्हे. तपास तिथेच अडला.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. हवालदाराने घेतला. बाईचा आवाज. सळ्या कुठे आहेत ते तिने सांगितलं, पण दोन अटी घातल्या. साहेबांनी स्वतः यावं, आणि वरच्या गेटने नाही, खालच्या गल्लीने यावं.

"घाबरलेली होती का?" मी विचारलं.

"छे हो! मलाच दटावत होती. 'नीट लिहून घ्या' म्हणाली. मास्तरीण असणार."

मास्तरीणच निघाली. गल्लीतलं शेवटचं घर, शेठच्या प्लॉटच्या बरोबर खाली. तिचे यजमान रोलिंग मिलमध्ये कामाला, ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरात म्हातारी सासू. आम्ही पोहोचलो तेव्हा चहाला आधण आलेलं होतं. चोरीचा माल ज्याच्या घरात असतो, त्याला पोलीस दिसल्यावर चहा सुचत नाही, हा माझा अनुभव. इथे काहीतरी वेगळं आहे, हे मला दारातच कळलं.

सळ्या परसात उघड्यावर, नीट रचून ठेवलेल्या होत्या.

"कोणी आणल्या?"

"मी आणल्या," बाई म्हणाल्या. "शाळा सकाळची असते. दुपारी वर सगळे झोपलेले असतात."

"एकट्या तुम्ही?"

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "एक टोक म्या धरलं व्हतं. माझंबी नाव लिवा. उतार व्हता म्हून जमलं बगा. चढावर न्यायच्या असत्या तर न्हाई जमलं असतं."

हवालदार तोंड फिरवून हसू लागला. मी कसाबसा गंभीर राहिलो. "बाई, ही चोरी आहे. गुन्हा दाखल होईल."

"मंग करा ना! त्यासाठीच तर फोन केला. फक्त पंचनामा इथून करा." असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली.

खिडकीतून आभाळ दिसलं नाही. सैल मुरमाचा भराव पार वरपर्यंत गेला होता. त्याला थोपवणारा दगडांचा बांध पोट सुटल्यासारखा घराकडे फुगला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली होती. सासूबाईंची बाज मागच्या खोलीतून उचलून ओसरीत टाकली होती. या भरावावर भिंत आणि भिंतीमागे पाणी उभं राहणार होतं.

"शेठला सांगितलं, ते म्हणाले, इंजिनिअर मोठा हाय. नगरपालिकेत, तहसीलला अर्ज दिले, कोणी आलं न्हाई. अर्जाला कोणी येत न्हाई, साहेब. चोरीला पोलीस येतात. सळ्या नेल्या म्हणजे काम थांबेल आणि तुम्हीपण याल, असा विचार केला."

मी शेठला बोलावणं पाठवलं. ते तावातावाने आले. सळ्या बघून आवाज आणखी चढला. मी त्यांना खिडकीपाशी उभं केलं. मान वर करून त्यांनी भराव पाहिला, भिंतीच्या चिरेत हात घालून पाहिला. मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी हळू विचारलं, "बाई, आई रात्री कुठं झोपतात?"

"आता ओसरीत."

शेठ खाली बसले. "वरून हे काहीच दिसत न्हाई ओ. देवाशप्पथ न्हाई दिसत."

त्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका सरकारी अभियंत्याने जागा पाहिली आणि काम थांबवायला सांगितलं. शेठने जबाब लिहून दिला की सळ्या मिळाल्या, तक्रार नाही. मी चौकशी अहवालात बाईंचा लबाडीचा हेतू दिसत नसल्याचं नमूद करून अर्ज निकाली काढला. सळ्या परत नेताना सासूबाईंनी शेठला बजावलं, "आता तुमची मान्सं लावा. चढ हाय."

शेठची माणसं भराव उपसायला लागली. पूर्ण उपसून होण्याआधीच पाऊस आला आणि उरलेला मुरूम एका दुपारी घसरून परसात गुडघाभर साचला. घराला धक्का लागला नाही. शेठने तो मुरूम स्वतः उभं राहून काढून घेतला आणि चिरलेली भिंत बांधून दिली. पुढच्या वर्षी तलाव झाला, पण वरच्या कठीण जमिनीत आणि आधीपेक्षा लहान. खालून पायऱ्या-पायऱ्यांची पक्की भिंत आली. तलावात पाणी सोडलं त्या दिवशी नारळ फोडायचा मान शेठने सासूबाईंना दिला. मीही होतो. नातवंडं काठावर रडत होती आणि शेठ एकटेच आनंदाने पोहत होते.

गुन्हा का केला, हे आम्ही प्रत्येक आरोपीला विचारतो. या केसनंतर मी आणखी एक प्रश्न विचारायला लागलो: त्याआधी काय काय करून पाहिलंत? नव्या फौजदारांनाही तेच सांगत आलो. पुष्कळदा त्या उत्तरातून आरोपीपेक्षा आपल्या यंत्रणेबद्दलच जास्त कळतं.