एक साइट, सात नावं

भाऊ बोलता बोलता मॉनिटरच्या डोक्यावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "घर एकच आहे हो. दारं तेवढी निराळी." समोरचा मान डोलवायचा. कळलेलं काडीचंही नसायचं.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, स्वतःच्या हुशारीवर लहान मुलासारखा खूश असणारा. शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर भाऊंची एक खोली होती, आणि मी तिथे कामाला होते. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. जो तो समाज आपल्या मंडळासाठी वधूवरांची साइट मागत होता. भाऊंनी साइट एकदाच बनवली. सात मंडळं आली तशी इंटरनेटवर सात नावं घेतली आणि ती सगळी त्या एकाच साइटवर आणून सोडली. तुम्ही कुठल्या नावाने आलात ते पाहून ती तुम्हाला त्याच समाजाची स्थळं दाखवायची. वर त्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो. प्रत्येक अध्यक्षाला वाटायचं, आपली साइट सगळ्यांत भारी.

"भाऊ, सगळ्यांना एकच माल विकताय," मी एकदा म्हटलं.

"अगं, मागतातही सगळे एकच. निर्व्यसनी मुलगा, गोरी मुलगी. वेगळं काय बनवू?"

त्या काळी साइटचं नाव सांगताना आपण आधी भक्तिभावाने तीनदा डब्ल्यू म्हणायचो, आठवतं ना? भाऊंनीही सातही नावं त्या डब्ल्यूंसकटच साइटला शिकवली होती. कुणी डब्ल्यू गाळून येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तसं कुणी आलं की हा कुठल्या मंडळाचा ते साइटला ओळखता यायचं नाही, आणि ती बापडी सगळ्याच समाजांची स्थळं समोर मांडायची.

इगतपुरीकडचा एक मुलगा असा डब्ल्यूंचा कंटाळा करून साइटवर आला. रेल्वेत होता. त्याला विंचूरची एक मुलगी दिसली, दुसऱ्या समाजाची. साइटवर नाव नसायचं, ते फक्त भाऊंच्या मशीनमध्ये; फोटोही नसायचा. नंबर, शिक्षण, नोकरी, तालुका, बस. निरोप साइटमधूनच पाठवायचे. त्याने पाठवला, तिने उत्तर दिलं. पावसाळाभर ते चालू होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

मग तिच्या चुलतभावाने सायबर कॅफेत तिच्या मागे उभं राहून ते वाचलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणि चुलता आमच्या खोलीत हजर.

"नाव द्या त्याचं," चुलता म्हणाला. "पुढलं आम्ही बघतो."

"मुलगी काय म्हणते?" भाऊंनी विचारलं.

"तिला नाव ठावं नाय. घरात कोंडलीय. लय रडून झालं."

वडील दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मला भीती वाटली, खरंच सांगते. 'पुढलं' म्हणजे काय ते न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो.

भाऊ म्हणाले, "चूक तुमच्या मुलीची नाही. दार माझ्याकडून उघडं राहिलं." आणि मशीनकडे वळून त्यांनी तिची माहिती, त्याची माहिती, सगळे निरोप पुसून टाकले. बॅकअपची सीडी काढून गुडघ्यावर मोडली. "आता माझ्याकडेही नाव नाही." खरंच नव्हतं. वाचलं तर तोंडातून जाईल, म्हणून त्यांनी ते वाचलंसुद्धा नव्हतं.

चुलत्याने त्यांची कॉलर धरली. वडिलांनी सोडवली. बोभाटा मात्र झालाच, आणि बघता बघता सातही मंडळं निघून गेली. त्याचं भाऊंना फारसं वाटलं नाही. एक पोरगा वाचला म्हणायचे, आणि चहा मागवायचे.

दिवाळीनंतर ती मुलगी आली. मैत्रिणीला जिन्यात उभं करून.

"भाऊ, त्यांचं नाव नि पत्ता द्या. इगतपुरीला रेल्वेत आहेत एवढंच ठाऊक आहे, बाकी ते पुढच्या निरोपात सांगणार होते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "बेटा, मी सगळं पुसलं गं."

"मग मी त्यांना कुठं शोधू?"

मग मैत्रिणीला घेऊन ती जिना उतरून गेली. त्यानंतर भाऊंनी मॉनिटरवर टिचकी मारलेली मी पाहिली नाही. माझा जीव तुटायचा, पण त्यांना काय सांगणार?

भाऊ दर रविवारी इगतपुरीला जाऊ लागले. खोली बंद झाली, मी दुसरीकडे लागले. त्यांचा फोनही पुढे लागेना.

काही वर्षांनी इगतपुरीच्या फलाटावर ते दिसले. धो धो पाऊस, आणि हे रेल्वेच्या एका माणसाला थांबवून विचारत होते, "लग्नासाठी तुम्ही कधी साइटवर नाव घातलं होतं का?" तो हसून निघून गेला. मी पुढे झाले. ते पार वाळले होते. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, आता पुरे. त्या मुलीचं लग्न झालं."

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "तिच्यासाठी नाही. त्या मुलाला वाटत असेल, तिनेच उत्तर दिलं नाही. त्याला कुणीतरी सांगायला नको?"

माझी गाडी आली. खिडकीत बसून पाहिलं, तर भाऊ हातात झेंडी घेतलेल्या एका तरुणाकडे निघाले होते. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.