बटन नसलेली मोटार

मानवतला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळक्या मोटारी खोलायच्या, तांब्याची तार भरायची आणि परत पाठवायच्या, यातच माझी कंबर गेली. दुकान बंद करावं असं आताशा रोज सकाळी शटर वर ढकलतानाच वाटतं. अशात मागच्या उन्हाळ्यात थोरला भाऊ टेम्पोत बोटीच्या तीन जुन्या मोटारी घालून दारात हजर.

दादाचं शेत धरणात गेलं, तेव्हापासून तो त्याच पाण्यावर जाळं टाकायचा. पण उजवा खांदा कामातून गेला, वल्हं मारवेना. पुण्यातला मुलगा 'इकडे या' म्हणून मागे लागला होता आणि दादाला जायचं नव्हतं. म्हणून भंगारवाल्याकडून त्याने हे लोढणं उचलून आणलं.

"यातली एक चालू करून दे, म्हंजी मी हितंच ऱ्हातो," तो म्हणाला. "तू मोटारीचाच मानूस हायस."

मला रागच आला. माझ्या मोटारी विजेच्या, या पेट्रोलच्या. कुठल्या, कधीच्या, कळायला मार्ग नाही. नावाच्या पट्ट्या घासून गुळगुळीत झालेल्या. खोलल्याशिवाय इलाज नव्हता. एकीचा पिस्टन जाम, दुसरीचा गिअर तुटलेला, तिसरीत उंदराने संसार थाटलेला. यातून निवडायचं काय, कप्पाळ! तरी पहिल्या दोघींचे सुटे भाग तिसरीला लावत गेलो आणि एका संध्याकाळी पाण्याच्या ड्रममध्ये ती खोकत खोकत चालू झाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

नेताना त्याला बजावलं, "पाण्यातली मोटार हाय दादा, कोरडी चालवू नको."

आमच्याकडे पाण्यातली मोटार म्हणजे दोर बांधून विहिरीत सोडायची. दादाने तेच केलं. अख्खी मोटार धरणात सोडली आणि "आता फुडं काय करू?" म्हणून मला फोन लावला.

मी डोक्याला हात लावला. पुन्हा खोलली, रॉकेलने धुतली, वाळवली आणि या खेपेला स्वतःच बोटीवर बसवून द्यायला गेलो. दादाने तिच्यावरून हात फिरवला.

"बटन कुठंय रे हिचं?"

बटन नव्हतंच. दोरी होती, जोरात हिसकली की इंजिन धरतं. दुकानात ती मीच ओढायचो. जन्मभर बटन दाबून मोटारी चालू करणारे आम्ही, ती ओढायला खांदा लागतो हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दादाने दोरी ओढली आणि खांदा धरून मटकन खाली बसला. मग डाव्या हाताने ओढून पाहिली; मोटार नुसती गुरगुरली. मी ओढली, तर पहिल्याच हिसक्याला चालू. थोडा वेळ आम्ही तिचा आवाज ऐकत बसलो. मग तो बंद कर म्हणाला.

दादा आता पुण्यात आहे. मोडक्या दोन मी भंगारात घातल्या. त्यांचं काय करायचं ते ठरवायला वेळ लागला नाही. चालणारी दुकानात आहे, येता-जाता पायाला लागते. मासेमारी करणारे विकायची का म्हणून विचारून जातात, बायको हिचं काय करायचं म्हणून विचारते. दादाचा फोन आला की तो धरणात पाणी किती आहे ते विचारतो, मी सांगतो. मोटारीचं काय करू, हे मात्र मी त्याला विचारत नाही. विचारलं तर तो "देऊन टाक" म्हणेल, आणि ते मला ऐकवणार नाही.