उरलेले तीस

"भाऊजी, हे गेले." शालिनीवहिनींचा फोन एवढाच. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. चहा तसाच ठेवून वर गेलो. दिवाकर कांबळे जाऊन आता दीड महिना होईल... त्याच्याबद्दल लिहिताना अजून ‘आहे’ खोडून ‘होता’ करावं लागतं.

आम्ही दोघं हवामानाच्या कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर म्हातारे झालो. येत्या मोसमात पाऊस सरासरीपेक्षा कमी पडेल, तेवढाच पडेल की जास्त, याची शक्यता नकाशावर रंगवायची. मोसम संपला की आपण कितपत खरे ठरलो ते तपासायचं. पहिल्या कामाची बातमी होते, दुसऱ्याला कुत्रं विचारत नाही. दिवाकरचा जीव दुसऱ्यात. "साठ टक्के म्हटलेलं दहापैकी सहा वेळा व्हायला हवं. दहाही वेळा झालं तर आपण चुकलोच," असं तो म्हणे आणि नवी पोरं चक्रावत. एकाच पावसाळ्यावरून आम्हाला शाबासकी देणारा आणि शिव्या घालणारा, दोघांनाही तो सारखाच झापायचा.

नकाशा बाहेर पडण्याआधी तो बिबवेवाडीच्या घरी वहिनींपुढे ठेवी. वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. पहिल्यांदा त्यांनी गडद निळ्यावर बोट ठेवलं, "इथे धो धो पडणार."

"अगं, धो धो नाही! जास्त पडण्याची शक्यता मोठी, एवढंच."

"मग तसं दिसू दे की. का घरोघर समजावत फिरणार आहात?"

दिवाकर चिडला, पण त्याने रंग बदलले. प्रत्येक जिल्ह्यावर कमी, तेवढाच आणि जास्त अशा तीन वाटण्यांचं छोटं वर्तुळ आलं, म्हणजे लहान शक्यताही डोळ्यांना दिसावी. वरिष्ठांशी त्यासाठी तो कडाकडा भांडला.

यंदा त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्याला आत न्यायच्या जरा आधी डॉक्टर म्हणाले, "शंभरातले सत्तर पेशंट यातून बरे होतात." वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बरे होणारच! घरी आलात की हॉलचे पडदे बदलू." मी दिवाकरकडे पाहिलं. सत्तर म्हणजे नक्कीच, असं ऐकणाऱ्याला त्याने जन्मभर जागच्या जागी सुधारलं होतं. तो म्हणाला, "हिरवे घे." मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझा हात दाबला. त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या डॉक्टरांना दोष देतील, असं धरून मनात उत्तर जुळवत होतो. एका माणसावरून सत्तराचा आकडा खोटा ठरत नाही, दिवाकरनेही हेच सांगितलं असतं. पण त्याच्या बायकोला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याच म्हणाल्या, "डॉक्टरांचं काही चुकलं नाही हो. उरलेले तीस मलाही कळले होते. इतके नकाशे काय उगाच पाहिले? हे घाबरू नयेत म्हणून पडद्यांचा विषय काढला." मग त्यांनी विचारलं, "हिरवे घे म्हणाले, म्हणजे त्यांच्या मनात ते तीस आले नव्हते ना?"

"आले होते, वहिनी. तुम्ही घाबराल म्हणून तोही बोलला नाही."



"म्हणजे भाऊजी... दोघांनाही माहीत होतं, आणि आम्ही शेवटचं बोललो ते पडद्यांबद्दल."